कड्यावरचं नवं गिऱ्हाईक

माणूस कशासाठी पैसे मोजेल याचा नेम नाही. हॅरो क्रीकला लोक जोडीमागे बाराशे डॉलर मोजून येतात, ते डीकनच्या कड्यावर, जमिनीपासून दोनशे फुटांवर टांगलेल्या खाटेत एक रात्र झोपायला. खाट म्हणजे चार नळ्या आणि मधे ताणलेलं कापड. कूस बदलायची तर शेजारच्याची आणि देवाची, दोघांची परवानगी घ्यावी लागते. पोटात कळ आली तर पिशवी. जेवायला गार झालेला बरिटो, म्हणजे सारण भरून गुंडाळलेली पोळी. आणि सकाळी दोराने खाली उतरलं की हीच माणसं डोळ्यांत पाणी आणून सांगतात, "आमचं आयुष्य बदललं!" गावातले लोक मान डोलावतात. एवढे पैसे खिशातून गेल्यावर काहीतरी बदलायलाच हवं की.

या खाटा टांगायचं आणि त्यांवर माणसं निजवायचं काम एकतीस वर्षं वेंडेल ऑस्ट्रँडरने केलं. मे ते ऑक्टोबर, आठवड्यातल्या चार रात्री तो गिऱ्हाइकांच्या शेजारी, पाच हातांवरच्या आपल्या खाटेत. उंच, सुकलेल्या लाकडासारखा माणूस. सपाट रस्त्यावर चालताना असा अवघडायचा, की नवख्याला वाटावं हा प्यालाय. कड्यावर मात्र मांजर. बोलणं मोजकं. त्याची बायको आर्डिथ तीन वर्षांपूर्वी बहिणीकडे प्वेब्लोला निघून गेली. जाताना दारातच म्हणाली, "उन्हाळाभर तू परक्या लोकांशेजारी झोपतोस आणि हिवाळाभर घरात असा झोपतोस, जसा बसची वाट बघतोयस." पलीकडच्या घरातली, गावात कॅफे चालवणारी डॉटी क्रेन्शॉ तेव्हा नेमकी कुंपणाशी गुलाबाला पाणी घालत होती. म्हणून हे वाक्य गावाला तोंडपाठ आहे. गुलाबाला त्या दिवशी पाऊण तास पाणी मिळालं. वेंडेल यावर काय म्हणाला, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही, कारण तो काही म्हणालाच नाही. त्याने तिची पेटी गाडीत ठेवली आणि पेटी हलू नये म्हणून दोन गाठी मारून दिल्या.

तर यंदाच्या जूनमध्ये ओहायोहून दातांचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको आली. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलांनी त्यांना कड्यावरची रात्र भेट दिली होती. मुलांचा नेमका हेतू काय असावा, यावर डॉटीच्या कॅफेत दोन दिवस चर्चा झाली. रात्र शांत गेली. पहाटे बाईंना जाग आली, सूर्य वर येत होता, त्यांनी फोन काढून फोटो घेतला. फोटोत सूर्य छान आला. त्याच्या डाव्या बाजूला वेंडेलही आला, गाढ झोपलेला. आणि कमरेला-मांड्यांना बसणारा, दोराने कड्याला बांधून ठेवणारा पट्टा, जो कड्यावर पाऊल टाकल्यापासून उतरेपर्यंत कुणी, कशासाठीही सोडायचा नसतो, तो त्याच्या डोक्यावरच्या कडीला नीट घडी घालून अडकवलेला. खुंटीला सदरा अडकवावा तसा. पायांत नुसते मोजे.

बूट नंतर पायथ्याशी सापडले, एकाच दगडाशी, जवळ जवळ. लाथेने उडालेले बूट असे पडत नाहीत. माणूस निजायच्या आधी बूट काढून पलंगाखाली जोडीने ठेवतो, तसे ते ठेवले होते. फक्त पलंगाखालची जमीन दोनशे फूट लांब होती.

कंपनीचा मालक ब्राइस टॉलिव्हर. वीस वर्षांपूर्वी हाच ब्राइस वेंडेलच्या मागून पाण्याचे कॅन वाहायचा. आता त्याच्याकडे तीन व्हॅन आहेत आणि दात इतके पांढरे, की ओहायोच्या डॉक्टरांनीही दोनदा वाकून बघितले. त्याने फोटो टेबलावर ठेवला.

"खोटा आहे का?"

"नाही," वेंडेल म्हणाला.

"मग पट्टा कुणी काढला? वाऱ्याने?"

"मला आठवत नाही."

"तेच तर! आठवत असतं ना, तर मी तुला गाढव म्हटलं असतं, आठवडाभर घरी बसवलं असतं आणि विषय संपवला असता. आठवत नाही म्हटल्यावर मी काय म्हणू, सांग."

वेंडेल फोटोतल्या माणसाकडे बघत होता. इतकं सुख त्याने त्या चेहऱ्यावर आरशात कधी बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्याचं कड्यावर जाणं बंद झालं. जुलै गेला. गावाने आपापल्या परीने निदान केलं. कुणी म्हणालं दारू, कुणी म्हणालं वय. डॉटी म्हणाली, "बायको गेल्यावर पुरुष घरात कपडे टाकत सुटतात, हा कड्यावर टाकतो, एवढंच." गावच्या डॉक्टरीणबाईंनी डेन्व्हरच्या झोपेच्या दवाखान्यात नाव घातलं, पण नंबर डिसेंबरात. वेंडेलने घरी स्वतःवर पाळत ठेवून पाहिली. पण घरात तपासायचं काय? घरात तर माणूस पट्टा काढून, बूट पलंगाखाली ठेवूनच झोपतो. सकाळी उठून तो बघायचा, सगळं जागच्या जागी. त्यातून काहीच सिद्ध व्हायचं नाही. त्याला एवढंच कळायला हवं होतं: ती एक रात्र होती, की आता रोजच असं होणार? एक रात्र असेल, तर तो अजून गाईड होता. रोजचं असेल, तर तो कोण होता, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो ब्राइसच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"मला एक रात्र वर झोपायचंय. दुसऱ्या गाईडच्या नजरेखाली. काही झालं नाही, तर मला परत घे."

"खाटा ऑक्टोबरपर्यंत भरल्यात, वेंडेल. फुकट कुठून देऊ?"

"फुकट कोण म्हणतंय? पैसे भरतो."

ब्राइसला हसावं की रडावं कळेना. मग त्याने वही उघडली. "अकरा तारखेची एक जोडी गळालीय. त्यांचं लग्नच मोडलं. एका माणसाचे आठशे होतात." जरा थांबून म्हणाला, "गावातल्यांना दहा टक्के सूट आहे."

"होय का? इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं."

"कुणी मागितलीच नाही कधी. गावातला कोण जातो मरायला वर?" ब्राइसने वही मिटली. "हे बघ, दोन गाईड सोडून गेलेत. माझ्या डोक्याला ताप झालाय. इनेझने येऊन सांगितलं की सगळं ठीक आहे, तर सप्टेंबरच्या चौदा रात्री तुझ्या."

इनेझ सँडोव्हाल सव्वीस वर्षांची. सतराव्या वर्षी कामाला लागली तेव्हा तिला बुटाची लेससुद्धा धड बांधता येत नव्हती, असं वेंडेल सांगायचा. ती सांगायची, की लेस येत होती, वेंडेलसमोर बांधायची भीती वाटायची. पहिली गाठ तिला त्यानेच शिकवली आणि चुकलेली गाठ सुरीने कापायलाही त्यानेच. गावात तोंडावर त्याला म्हातारा म्हणणारी ती एकटीच.

अकरा तारखेला दुपारी चारला ती कड्याच्या माथ्यावर कागद घेऊन उभी होती. नियम असा, की काठावर पाय ठेवण्याआधी गाईडने कागद मोठ्याने वाचायचा आणि गिऱ्हाइकाने प्रत्येक ओळीला 'हो' म्हणायचं.

"ठेव तो कागद," वेंडेल म्हणाला. "पाठ आहे मला."

"गिऱ्हाइकांना नसतो. ऐक गप्प. 'इथे माझा मृत्यू होऊ शकतो, हे मला समजलं आहे.'"

"हो."

"'मी हे माझ्या मर्जीने करत आहे.'"

"हो."

"'मला झोपेत चालण्याचा, बोलण्याचा वा उठून बसण्याचा विकार नाही.'"

ही ओळ त्याने हजारदा वाचली होती. लोक इथे हसायचे, बायका नवऱ्यांकडे बोट दाखवायच्या. वेंडेल समोरच्या डोंगराकडे बघत राहिला.

"म्हाताऱ्या, काहीतरी बोल. उन्हात करपतेय मी."

"माहीत नाही, असं लिही."

तिने कागदाकडे पाहिलं. तिथे 'माहीत नाही'साठी जागाच नव्हती. तिने 'हो'च्या चौकटीवर खूण केली आणि कागद खिशात कोंबला.

खाली खाटांवर पोचल्यावर वेंडेलने खिशातून लाल चिकटपट्टीचा गुंडा काढला. कमरेच्या पट्ट्याच्या बकलावरून तीन वेढे घट्ट गुंडाळले आणि शेवटचं टोक अंगठ्याने दाबून दाबून सपाट केलं. "सकाळी हे असंच असलं, तर मी ठीक. फाटलेलं असलं, तर नाही."

"आणि फाटलं तर तू खाली जाशील, त्याचं काय? छातीला आणखी एक दोरी बांधते. शर्टाच्या आतून, गाठ पाठीवर. तुझा हात पोचणार नाही."

"मग परीक्षा कसली?"

"परीक्षा तुझी. नोकरी माझी. दोरी नको असेल, तर चल वर."

त्याने शर्टाची बटणं उघडली. तिने दोरी आवळली, गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

सूर्य डोंगराआड गेला. त्यांनी आपापल्या खाटांवर पाय सोडून बरिटो खाल्ले.

"गार आहे," वेंडेल म्हणाला.

"एकतीस वर्षं गारच होता. तेव्हा कधी बोलला नाहीस."

"तेव्हा मी पैसे भरले नव्हते."

इनेझ इतकी हसली की तिची खाट डुलायला लागली. तो हसला नाही, पण खूश दिसला. मग झोपायच्या पिशवीत शिरला, चेन गळ्यापर्यंत ओढली. खाली ओढ्याचा आवाज येत होता. त्याला वाटलं होतं, भीतीने झोपच लागणार नाही. पण पाठ त्या ताणलेल्या कापडाला टेकली मात्र, दोन महिन्यांची शिणलेली हाडं सैल झाली. हेच वाईट होतं. जगात एवढी एकच जागा होती, जिथे त्याला अशी झोप लागायची.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. पहिल्याच क्षणी त्याचा हात पिशवीत कमरेकडे गेला. पट्टा होता. बोटं बकलावर गेली. चिकटपट्टीचे वेढे होते. तो तसाच पडून राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"उठलास?" पलीकडून इनेझचा आवाज आला. "ढाराढूर झोपलास. इतका घोरलास, की गरुडांनी घर बदललं."

"काही झालं नाही?"

"काही नाही."

वेंडेलने चेन उघडली आणि उजेडात बकलाकडे पाहिलं. लाल पट्टी, तीन वेढे, घट्ट. आणि शेवटच्या टोकाला नखाएवढी घडी.

कड्यावरचे लोक चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवतात. थंडीत बोटं बधिर होतात, तेव्हा टोक शोधत बसायला नको, दुमडलेलं धरलं की सर्रकन निघतं. हे इनेझला पहिल्याच आठवड्यात त्याने शिकवलं होतं आणि ती विसरली म्हणून एकदा अख्खा गुंडा दरीत फेकून दिला होता. त्यानंतर ती कधी विसरली नव्हती. काल रात्री मात्र वेंडेलने मुद्दाम घडी घातली नव्हती. सोडायला सोपं जाऊ नये म्हणून टोक सपाट दाबलं होतं.

त्याने घडीवरून एकदा बोट फिरवलं. "कॉफी आहे का?" त्याने विचारलं.

"आहे की. ही पण गार."

उतार तीन टप्प्यांचा. पहिल्या टप्प्यावर त्याने ठरवलं, गप्प बसायचं. पोरीने केलंय, तिला ठाऊक, देवाला ठाऊक. दुसऱ्या टप्प्यावर तो सप्टेंबरचा विचार करत होता, चौदा रात्री, अॅस्पेनच्या झाडांची पानं पिवळी होताना, शेवटची गिऱ्हाइकं. तिसऱ्या टप्प्यावर, पाय जमिनीला लागायच्या जरा आधी, त्याच्या मनात आलं, की रात्री गिऱ्हाइकाने हाक मारली, तर तिला ओ देणारा माणूस तिथे नसेल. त्याच्या जागी घरात निजलेला कुणीतरी असेल, खुंटी शोधणारा.

पायथ्याशी ब्राइस कागदी पेला घेऊन उभा होता.

"काय मग? राजेसाहेब झोपले का नीट?"

"एकदम मस्त," इनेझ म्हणाली. "काही झालं नाही."

"वा! वाचवलंस, बाई." ब्राइसने खिशातून पेन काढलं. "इथे सही कर, म्हणजे विम्याच्या लोकांच्या तोंडावर मारता येईल."

"ती सही करणार नाही," वेंडेल म्हणाला. "मी पट्टा काढला होता. तिनेच पुन्हा घातला. पट्टीचं टोक बघ, दुमडलंय. मी दुमडलं नव्हतं."

इनेझने त्याच्या कमरेकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मग तिने शिवी हासडली, टोकाला, पट्टीला, की स्वतःला, कळलं नाही.

"किती वाजता?" वेंडेलने विचारलं.

"सोड ना आता."

"इनेझ. किती वाजता?"

"सव्वादोनला." ती जमिनीकडे बघत म्हणाली. "आधी पट्टी सोलून काढलीस. हळूहळू, न फाडता. मग पट्टा काढलास, घडी घातलीस, वर अडकवलास. मी हाका मारत होते. तू पाय खाली सोडून बसलास आणि म्हणालास, 'आर्डिथ, दिवा मी घालवतो.' आणि उठायला लागलास."

"मग?"

"मग मी म्हटलं, दिवा घालवलाय. झोप. तेव्हा मागे टेकलास. मी तुला पट्टा घातला. एक एक पाय पुढे केलास, बूट घालून घेताना लहान पोरं करतात तसा."

ब्राइसच्या हातातला पेला कलला आणि कॉफी बुटावर सांडली, तरी त्याला पत्ता नव्हता. वेंडेल मात्र दुसराच हिशेब करत होता. दोन खाटा. मधे पाच हात. गाईडचा दोर तीन हातांचा. तो त्यानेच मोजून कापलेला होता.

"तू माझ्या खाटेवर आलीस कशी?"

इनेझ आपला दोर गुंडाळायला लागली.

"तुझा दोर पोचत नाही, पोरी."

"जोडायला आणखी एक दोर होता पिशवीत. पण तू उठत होतास."

"म्हणजे तू स्वतःला सोडलंस."

"दोन मिनिटं. फार तर तीन."

"मला छातीला दोरी होती! मी पडलो असतो तरी लोंबकळलो असतो. तुला काय होतं?"

"ती दोरी मीच बांधली होती!" ती ओरडली. "अंधारात मला तिची खात्री वाटेना! माझ्या हातची गाठ, आणि तिच्यावर तू! काय करायला हवं होतं मी, बघत बसायचं?"

वेंडेल व्हॅनच्या पायरीवर बसला. एकतीस वर्षांत त्याच्या हातून कुणी पडलं नव्हतं. गावात हे सगळे सांगायचे, डॉटीसुद्धा, थट्टा न करता. आणि काल रात्री तो दिवा घालवत असताना ही पोर दोनशे फुटांवर मोकळी, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर आली होती. त्याला काहीही आठवत नव्हतं. ती पडली असती, तरी आठवलं नसतं. तो सकाळी उठला असता आणि शेजारची खाट रिकामी बघून वाटलं असतं, लवकर उठलेली दिसते.

"ऐका," ब्राइस खालच्या आवाजात म्हणाला, "अजून कागदावर काही नाही. मी काही ऐकलेलं नाही."

"मी सांगतोय ते ऐक," वेंडेल म्हणाला. "मला वर पाठवू नकोस. मी येऊन पाया पडलो तरी."

मग तो इनेझकडे वळला. आभार मानायचे होते. तिचा हात धरायचा होता. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "पुन्हा कुणासाठी स्वतःला सोडलंस, तर गाईड म्हणवून घेऊ नकोस. आणि पट्टीबद्दल खोटं बोलायला तुला कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं."

तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "तुझ्यासाठी बोलले."

"माहीत आहे."

"एवढंच? माहीत आहे?"

तिने आपला दोर गोळा करून खांद्यावर टाकला आणि पायीच गावाच्या दिशेने निघाली. सहा मैल. ब्राइसने व्हॅनचा हॉर्न वाजवला, तिने मागे वळून पाहिलं नाही.

ब्राइसने पैसे परत केले नाहीत, पण सप्टेंबरपासून वेंडेलला व्हॅनवर घेतलं. दुपारी गिऱ्हाइकांना माथ्यापर्यंत पोचवायचं, सकाळी पायथ्यावरून आणायचं. रात्री गाडी चालवायची नाही. विम्याच्या लोकांची यालाही हरकत होती म्हणतात. डॉटीचं म्हणणं, ब्राइसने तेवढं तरी करायलाच हवं होतं. नंतर ती असंही म्हणाली, की आठ वाजल्यावर वेंडेलच्या घरातला दिवा दिसत नाही हल्ली. अंधारात बसतो. झोपतो का, माहीत नाही. तिने दोनदा केक घेऊन दार वाजवलं. त्याने घेतला, आभार मानले, दार लावलं. एवढ्यावर तिला फार बोलता आलं नाही, आणि डॉटीला बोलता येऊ नये, हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

महिन्याच्या शेवटी शेवटी टेक्ससच्या चार बायका आल्या. घाटात वळणावळणाला किंचाळत होत्या. पुढच्या सीटवरची विचारायला लागली, "काका, वर फार भीती वाटते का हो?"

"मला नाही सांगता यायचं, बाई," वेंडेल म्हणाला. "मी झोपलेलो होतो."

बायका खो खो हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारा मिस्कील आहे.

माथ्यावर इनेझ उभी होती, हातात कागद. वेंडेलने मागचं दार उघडलं. ती आली, झोपायच्या पिशव्या आणि बोचकी एकेक करून खाली ठेवू लागली. त्याने शेवटच्या बोचक्याकडे हात पुढे केला, पण तिने ते आधीच उचललं होतं.

"आठ नग," ती म्हणाली.

"आठ," तो म्हणाला.

तिने दार लावलं आणि बायकांकडे गेली.